भरल्या बाजारातील नवा खेळ

सोनी या बलाढ्य कंपनीने २३ ऑगस्ट २०२४ रोजी 'कॉन्कॉर्ड' नावाचा व्हिडिओ खेळ बाजारात आणला आणि ६ सप्टेंबर रोजी तो मागे घेतला. ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांना पैसे परत देण्यात आले, आणि ऑक्टोबर संपण्यापूर्वी तो घडविणारा फायरवॉक हा स्टुडिओही बंद करीत असल्याचे जाहीर झाले. अनेक कुशल माणसांनी कित्येक वर्षे खपून उभी केलेली वस्तू चौदा दिवसांत नाहीशी व्हावी, असे इतर व्यवसायांत सहसा घडत नाही. नाटक पहिल्याच रात्री पडले तरी त्याचे पडदे दुसऱ्या नाटकाला उपयोगी पडतात. पुस्तक खपले नाही तरी एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटात त्याची प्रत राहते. 'कॉन्कॉर्ड'चे असे काही उरले नाही, कारण कंपनीच्या यंत्रांशी जोडला गेल्याशिवाय तो खेळ चालतच नव्हता.

खेळ वाईट होता म्हणून बुडाला, हे सोपे उत्तर येथे पुरे पडत नाही. त्यातील नेमबाजीची घडण काही परीक्षकांनी वाखाणलीही होती. पाच-पाच जणांच्या दोन चमूंनी, निरनिराळ्या शक्ती असलेली पात्रे निवडून परस्परांशी लढावे, असा हा प्रकार. 'हीरो शूटर' या नावाने तो ओळखला जातो. या प्रकारात 'ओव्हरवॉच' २०१६ पासून ठाण मांडून होता आणि २०२२ पासून त्याची पुढील आवृत्ती फुकट मिळू लागली होती. 'कॉन्कॉर्ड'ची किंमत मात्र ४० डॉलर होती. शेजारच्या दुकानात जे फुकट मिळते त्यासाठी नव्या दुकानात ४० डॉलर का मोजावेत, या साध्या प्रश्नाचे उत्तर निर्मात्यांपाशी नव्हते. बाजार त्या प्रकाराला विटला होता, असेही म्हणता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये याच प्रकारचा 'मार्व्हल रायव्हल्स' हा खेळ आला. तो फुकट होता, चित्रपटांमुळे घरोघरी ठाऊक झालेली पात्रे त्यात होती, आणि त्याने लक्षावधी खेळाडू ओढून घेतले. म्हणजे पेठ तीच होती, गिऱ्हाईकही होते. दुकान मांडणाऱ्याने शेजारी कोण बसला आहे आणि तो काय भावाने विकतो आहे, याचा विचार पुरेसा केला नव्हता.

हा प्रश्न सोनीच्या भागधारकांपुरता असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. असा तोटा पचविण्याची त्या कंपनीची ऐपत आहे. परंतु महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन, दृश्य परिणाम, व्हिडिओ खेळ आणि कॉमिक्स या व्यवसायांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आहे. पुण्या-मुंबईत खेळनिर्मितीचे अभ्यासक्रम निघाले आहेत, आणि मध्यमवर्गीय घरांतील मुले-मुली नोकरी बाजूला ठेवून, दोन-तीन मित्रांच्या साथीने आपला पहिला खेळ करायला बसू लागली आहेत. त्यांच्यापाशी सोनीसारखी तिजोरी नाही. त्यांच्यापाशी आहेत ती उमेदीची तीन-चार वर्षे, आणि फार तर आईवडिलांनी बाजूला टाकलेली थोडीफार शिल्लक. संगणकाची भाषा कशी लिहावी, पात्रे कशी चालवावीत, प्रकाश-छाया कशा साधाव्यात, हे त्यांना शिकविणारे पुष्कळ आहेत. कोणत्या प्रकारचा खेळ करावा, हा निर्णय मात्र बहुधा आवडीवर किंवा गेल्या वर्षी काय गाजले यावर सोडून दिला जातो. वस्तुतः खेळ चालणार की नाही, याचा निम्माअधिक निकाल त्या एका निर्णयात लागून गेलेला असतो.

साहित्यातील प्रकार आणि खेळातील प्रकार यांत एक मूलभूत फरक आहे. ऐतिहासिक कादंबरी, सामाजिक नाटक, रहस्यकथा ही नावे बव्हंशी आशयावरून पडली. व्हिडिओ खेळाचा प्रकार आशयावरून ठरत नाही, खेळणाऱ्याने करावयाच्या क्रियेवरून ठरतो. महाभारताचेच उदाहरण घ्यावे. अठरा अक्षौहिणी सैन्याची मांडणी करावयाची, तर तो व्यूहरचनेचा खेळ झाला. भीम आणि दुर्योधन समोरासमोर गदा घेऊन उभे केले, तर तो द्वंद्वाचा खेळ. पांडवांच्या बारा वर्षांच्या वनवासात अन्न, निवारा आणि संरक्षण यांची तजवीज करीत राहावयाचे, तर तो तगून राहण्याचा खेळ. आणि अभिमन्यूने दरवेळी नव्याने रचलेल्या चक्रव्यूहात शिरावे, पडावे, पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात करावी व प्रत्येक मरणातून एकेक शहाणपण गोळा करावे, तर तो आज अतिशय लोकप्रिय असलेला 'रोगलाइक' प्रकार झाला. कथा एकच, पण या चार खेळांचे गिऱ्हाईक वेगळे, प्रतिस्पर्धी वेगळे, लागणारा खर्च आणि मिळू शकणारी किंमतही वेगळी. तेव्हा 'महाभारतावर खेळ करतो आहोत' असे एखादा तरुण सांगू लागला, तर त्याने अजून आपल्या खेळाविषयी काहीच सांगितलेले नाही, असे समजावे.

या प्रकारांची नावे शास्त्रीबुवांनी ठरविलेली नाहीत. ती अनुकरणातून रूढ झाली. इड सॉफ्टवेअर या छोट्या अमेरिकी कंपनीचा 'डूम' १९९३ च्या डिसेंबरात आला. बंदूकधाऱ्याच्या डोळ्यांनी जग पाहावयाचे आणि वाटेतील राक्षसांचा फडशा पाडावयाचा, हे त्याचे स्वरूप इतके गाजले की पुढील काही वर्षे तसल्या प्रत्येक खेळाला 'डूमची नक्कल' असेच म्हणत. नकला पुरेशा झाल्या, त्यांत आपापली भर पडू लागली, आणि मग त्या सगळ्यांना 'फर्स्ट पर्सन शूटर' हे प्रतिष्ठित नाव मिळाले. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी केवळ अक्षरे व चिन्हे वापरून पडद्यावर भुयारे रचणारा 'रोग' हा खेळ केला. रोगलाइक, म्हणजे 'रोगसारखे', हे नाव त्याचेच. त्या प्रकाराची लक्षणे कोणती हे ठरविण्यासाठी २००८ मध्ये बर्लिनला निर्मात्यांनी चर्चा केली आणि एक यादी मुक्रर केली. आज त्या नावाखाली विकले जाणारे निम्मे खेळ त्या यादीत बसणार नाहीत. गिऱ्हाइकाला त्याचे सोयरसुतक नाही. त्याच्या लेखी प्रकाराचे नाव म्हणजे एक वचन असते. संगीत नाटकाचे तिकीट काढणारा पदांची अपेक्षा करतो. पदे नसलेले नाटक कितीही सरस असले तरी तो चिडून बाहेर पडेल.

हे वचन मोडले की काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात घडले. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली. दोनच दिवसांनी बंगळूरच्या एन-कोअर गेम्सने 'फौजी' या खेळाची घोषणा केली. शंभर जणांनी एका बेटावर उतरावे आणि अखेरीस एकाने किंवा एका चमूने उरावे, हा 'बॅटल रॉयल' प्रकार ज्यांच्या हातून काढून घेतला गेला होता, त्या लाखो मुलांनी हा त्याचाच स्वदेशी अवतार असे गृहीत धरून आगाऊ नावे नोंदविली. २६ जानेवारी २०२१ रोजी खेळ हाती आला तेव्हा त्यात गलवान खोऱ्याची पार्श्वभूमी असलेली, एकट्याने खेळावयाची, मुख्यतः हातघाईची लढाई होती. बॅटल रॉयल नव्हताच. तक्रारींचा पाऊस पडला. निर्मात्यांनी जे केले ते कितपत चांगले होते, याचा शांतपणे विचार करण्याच्या मनःस्थितीत कोणी राहिले नाही. जाहिरातीतील देशभक्तीने गिऱ्हाईक दारापर्यंत आणले. आत वेगळाच माल निघाला.

स्पर्धेचा विचार करताना खेळांची विभागणी आणखी एका दृष्टीने करावी लागते, आणि होतकरू निर्माते नेमकी तिकडेच डोळेझाक करतात. काही खेळ संपतात. काही संपतच नाहीत. जो संपत नाही, ज्यात समोर माणसे लागतात, त्याची स्पर्धा अत्यंत निष्ठुर असते. या बाबतीत ब्लिझर्ड या अमेरिकी कंपनीची हकिगत सविस्तर पाहण्यासारखी आहे.

ब्लिझर्डने २००२ मध्ये 'वॉरक्राफ्ट ३' हा व्यूहरचनेचा खेळ काढला आणि त्यासोबत खेळणाऱ्यांना स्वतःचे नकाशे रचण्याची साधनेही दिली. हौशी मंडळींनी त्या साधनांतून २००३ पासून 'डिफेन्स ऑफ द एन्शंट्स', थोडक्यात 'डोटा', नावाचा नकाशा घडविला. सैन्य नव्हे, एकेक वीर चालवावयाचा. पाच-पाचांचे दोन पक्ष. तीन वाटा आणि दोन तळ. एकामागून एक हौशी संपादकांनी तो घासूनपुसून इतका नेटका केला की मूळ खेळापेक्षा नकाशाचीच कीर्ती वाढली. एक नवा प्रकारच जन्माला आला. 'मोबा' या आद्याक्षरी नावाने आता तो ओळखला जातो. ब्लिझर्डच्या अंगणात उगवलेल्या या झाडाची फळे मात्र दुसऱ्यांनी नेली. लॉस एंजेलिसच्या रायट गेम्स या नवख्या कंपनीने डोटाच्या एका संपादकालाच हाताशी धरून २००९ मध्ये 'लीग ऑफ लेजंड्स' फुकट उपलब्ध केला. वॉल्व्ह कंपनीने दुसऱ्या संपादकाला नोकरी दिली आणि २०१३ मध्ये 'डोटा २' काढला. नावावरून ब्लिझर्ड आणि वॉल्व्ह यांच्यात तंटाही झाला. तो २०१२ मध्ये तडजोडीने मिटला. ब्लिझर्डचा स्वतःचा 'हीरोज ऑफ द स्टॉर्म' अवतरला तो जून २०१५ मध्ये.

हा खेळ काही हलक्या हाताने केलेला नव्हता. नवख्याला सोपा जावा, डाव लवकर आटपावा, म्हणून त्यात पुष्कळ सुधारणा केल्या होत्या. ब्लिझर्डच्या गाजलेल्या सर्व खेळांतील पात्रे त्यात होती. पैशांची ददात नव्हती. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये कंपनीने त्यावरील माणसे अन्यत्र हलविली, त्याच्या व्यावसायिक स्पर्धा रद्द केल्या, आणि २०२२ मध्ये नवी भर घालणेही थांबविले. याचे कारण खेळाच्या गुणदोषांत शोधणे व्यर्थ आहे. 'लीग' खेळणाऱ्या मुलाने शेकडो वीरांच्या खुब्या पाठ करण्यात हजारो तास घातलेले असतात. ते ज्ञान दुसरीकडे नेता येत नाही. त्याचे चार मित्र तेथेच असतात, आणि तो गेला तरी ते येत नाहीत. टेलिफोनचे जसे आहे तसेच येथे आहे: ज्याच्याकडे सगळे आहेत त्याच्याकडेच आणखी जातात. अधिक चांगला टेलिफोन घेऊन कोणी आला, पण त्यावरून कोणालाच बोलता येत नसले, तर त्या चांगुलपणाचा उपयोग काय? या पेठेत दुसऱ्या क्रमांकालाही जागा मिळते. आठव्याला मिळत नाही. एपिकसारख्या श्रीमंत कंपनीला 'पॅरागॉन' २०१८ मध्ये बंद करावा लागला. त्याआधीच्या दशकात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या यशाने मोहून त्या प्रकारात उतरलेल्यांचीही अशीच गत झाली होती. तेथे तर ब्लिझर्डच गढीत बसलेली होती आणि इतर बाहेरून धडका देत होते. ज्या कंपनीने एका पेठेत ही तटबंदी स्वतः अनुभवली, ती दुसऱ्या पेठेत तिच्याच बाहेर उभी राहिली, यात मोठा विनोद आहे.

संपणाऱ्या खेळांची गोष्ट निराळी. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्या वाचल्या गेल्या, कारण एक रहस्यकथा संपविणारा वाचक रहस्यकथांना कंटाळत नाही. तो दुसरी मागतो. अशा प्रकारात प्रतिस्पर्ध्याचे यश हे आपले मरण नसते. बरेचदा ते आपली जाहिरात असते. मेगा क्रिट या दोघांनी सुरू केलेल्या स्टुडिओने 'स्ले द स्पायर' हा पत्त्यांचा जोड जमवीत मनोरा चढण्याचा खेळ २०१७ मध्ये अपूर्णावस्थेत विक्रीस ठेवला आणि २०१९ मध्ये पूर्ण केला. त्यानंतर त्या धर्तीचे अक्षरशः शेकडो खेळ आले. म्हणून पेठ बंद झाली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील एका निनावी राहणाऱ्या माणसाने एकट्याने घडविलेला 'बलाट्रो' आला. पोकरचे हात आणि विदूषकांचे चमत्कारिक पत्ते, एवढेच त्याचे भांडवल. पहिल्या महिन्याभरात दहा लाख आणि वर्षभरात पन्नास लाख प्रती त्याने खपविल्या. 'स्ले द स्पायर'ने ज्यांना चटक लावली होती तेच यातील अनेक गिऱ्हाईक असणार, हे उघड आहे. लहान निर्मात्याने संपणाऱ्या खेळांकडे वळावे, असा जो सल्ला अनुभवी लोक देतात त्यामागे हे अर्थशास्त्र आहे.

याहून मोठी संधी असते ती उपाशी ठेवलेल्या गिऱ्हाइकापाशी. नगररचनेच्या खेळांचे नाव 'सिमसिटी'शी १९८९ पासून जोडले गेले होते. फिनलंडमधील टाम्पेरे शहरातल्या कोलॉसल ऑर्डर या छोट्या स्टुडिओला असा खेळ करण्याची इच्छा होती. त्यांनी तोवर शहरातील बस-ट्राम चालविण्याचे खेळ केले होते. पण त्यांचे प्रकाशक पॅराडॉक्स हे धजत नव्हते. बलाढ्य इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या 'सिमसिटी'समोर उभे कोण राहणार? मार्च २०१३ मध्ये नवा 'सिमसिटी' आला. एकट्याने खेळावयाच्या या खेळालाही इंटरनेटची जोडणी सक्तीची केली होती. पहिल्याच आठवड्यात यंत्रणा कोलमडली. शहरासाठी दिलेली जागाही इतकी तोकडी की महापौर होऊ पाहणाऱ्याला ग्रामपंचायतीवर समाधान मानावे लागावे. वर्षानुवर्षे वाट पाहिलेले लोक संतापले. मग पॅराडॉक्सने होकार दिला, आणि १० मार्च २०१५ रोजी जेमतेम डझनभर माणसांनी घडविलेला 'सिटीज: स्कायलाइन्स' बाजारात आला. लोकांनी ज्याज्या गोष्टीची तक्रार केली होती ती प्रत्येक गोष्ट त्यात उलट होती: जोडणीची सक्ती नाही, जागा ऐसपैस, इमारती व रस्ते स्वतः घडवून इतरांना देण्याची मुभा पहिल्या दिवसापासून, आणि किंमत 'सिमसिटी'च्या निम्मी. महिन्याभरात दहा लाख प्रती गेल्या. पुढे २०२३ मध्ये त्याच स्टुडिओचा दुसरा भाग चांगल्या संगणकांवरही अडखळत चालू लागला आणि तक्रारींच्या बाजूला आता ते स्वतः उभे राहिले. गादी मिळविणे आणि राखणे या दोन विद्या वेगळ्या आहेत.

एरिक बॅरोन या अमेरिकी तरुणाने 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीवाडीचा खेळ साडेचार वर्षे एकट्याने घडविला, हे सर्वत्र कौतुकाने सांगितले जाते. चित्रे, संगीत, संवाद, सारे त्याचेच. त्या काळात तो नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करून थोडे पैसे मिळवीत असे. या कथेतील तपश्चर्येने लोक भारावतात आणि तिच्यातील व्यवहार विसरतात. १९९६ पासून चालत आलेल्या 'हार्वेस्ट मून' या जपानी मालिकेचा बॅरोन भक्त होता आणि तिचे नंतरचे भाग उतरत गेले, असे त्याचे मत होते. संगणकावर तर त्या प्रकारचा चांगला खेळ जवळजवळ नव्हताच. भूक होती, पान वाढलेले नव्हते. २६ फेब्रुवारी २०१६ ला त्याने ते वाढले. २०२४ अखेरपर्यंत चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. आज तीच साडेचार वर्षे तशाच शेतीच्या खेळावर घालणाऱ्याची तपश्चर्या कदाचित बॅरोनच्या तोडीची असेल. पण आता त्या पंगतीत वाढपीच जास्त झाले आहेत.

गर्दीचे स्वरूप आकड्यांवरून ध्यानात येईल. संगणकावरील खेळांची सर्वांत मोठी पेढी म्हणजे वॉल्व्हची 'स्टीम'. तेथे २०२४ या एका वर्षात अठरा हजारांहून अधिक नवे खेळ दाखल झाले. म्हणजे रोज सरासरी पन्नास. २०१७ पासून शंभर डॉलर भरणाऱ्या कोणालाही तेथे आपला खेळ मांडता येतो. अमेरिकेतील १९८३ च्या कोसळीला अशीच बेसुमार आवक कारणीभूत झाली होती. अटारीच्या यंत्रासाठी जो तो नकला काढू लागला, गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला, आणि दोन वर्षांत त्या देशातील घरगुती खेळांची उलाढाल नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे मानले जाते. निन्टेन्डोने नंतर तेथे पाय रोवले ते दारावर पहारा बसवून: परवान्याशिवाय खेळ चालू नये म्हणून यंत्रात कुलूप, आणि एका प्रकाशकाला वर्षाला पाचच खेळ. आज पहारा नाही. त्याची जागा प्रकाराच्या नावांनी घेतली आहे. स्टीमवर प्रत्येक खेळाला जी लेबले चिकटविलेली असतात त्यांच्या आधारे यंत्र ठरविते की, अमुक खेळ आवडलेल्या माणसाला तमुक दाखवावा. ज्याचे लेबल संदिग्ध तो कोणालाच दिसत नाही. 'आमचा खेळ कोणत्याच प्रकारात बसत नाही' हे अभिमानाने सांगणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

व्यवहाराच्या इतर बाबीही शेवटी प्रकाराशीच येऊन भिडतात. पाचशे रुपयांचा खेळ विकला गेला तर साधारणतः दीडशे रुपये पेढी ठेवते. पन्नास हजार प्रतींचे स्वप्न पाहणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा. दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ चौदा दिवसांच्या आत परत करता येतो. तेव्हा दीड तासात संपणारी हृद्य कथा रचणाऱ्याचा माल गिऱ्हाईक संपूर्ण उपभोगूनही परत करू शकते. चाळीस वेळा पुन्हा खेळावयाच्या रोगलाइकला ही भीती नाही.

यावर असा आक्षेप येईल की, हे सारे वाण्याचे तर्कशास्त्र झाले. कला अशी ताजव्याने निर्माण होत नाही. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. 'बलाट्रो'च्या कर्त्याने आपला खेळ घडविताना त्या प्रकारचे इतर खेळ मुद्दाम टाळले होते, असे त्यानेच सांगितले आहे, आणि त्याच्या खेळाची नवलाई काही अंशी त्या अज्ञानातून आली असेल. पण पोकर त्याला ठाऊक होते, आणि जगालाही ठाऊक होते. नवखा खेळणारा पहिल्या मिनिटाला काय जाणतो, या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी तयार होते. प्रकाराचे ज्ञान म्हणजे अनुकरणाची सक्ती नव्हे. कोणते नियम खेळणाऱ्याच्या बोटांत आधीच मुरलेले आहेत आणि त्यांतील नेमका कोणता मोडला असता तो चकित होईल, हे त्यावरून कळते. काहीच ठाऊक नसलेला बंडखोर बहुधा जुनेच पुन्हा शोधून काढतो.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर तीन भिन्न मार्ग दिसतात. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा 'लुडो किंग' २०१६ मध्ये आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोहोचला. पारखी लोक त्याला कमी लेखतात. पण पचिशीच्या वंशातील या खेळाचे नियम शिकवावे लागत नाहीत, आजी आणि नातू एकाच डावात बसतात आणि साध्या फोनवर तो चालतो. गिऱ्हाईक ओळखण्याचा याहून चोख नमुना दाखविणे कठीण. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने 'राजी' २०२० मध्ये काढला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही या मंडळींनी चिकाटी सोडली नाही, ही गोष्ट आदरास पात्र आहे. भारतीय वास्तू आणि पुराणकथा यांच्या चित्रणाची देशोदेशी स्तुती झाली, त्या वर्षीच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या पारितोषिकासाठी नामांकनही मिळाले. परीक्षकांची कुरकुर झाली ती बहुधा लढाईबद्दल. साहस-लढाईच्या प्रकारात खेळणाऱ्याच्या हाताला 'गॉड ऑफ वॉर'ची सवय झालेली असते आणि तो नकळत तीच मोजपट्टी लावतो. तेथील लढाईची सफाई शेकडो माणसांच्या श्रमाने आलेली आहे, हे त्याच्या गावीही नसते. त्याच कथेला आणि त्याच चित्रांना कोडी सोडविण्याच्या प्रकारात बसविले असते तर तुलना कमी जाचक झाली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

तिसरा मार्ग पुण्याच्याच सुपरगेमिंगचा. त्यांचा 'इंडस' हा बॅटल रॉयल, दीर्घ प्रतीक्षेनंतर, ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. तोपर्यंत 'पबजी'चा भारतीय अवतार 'बीजीएमआय' २०२१ मध्ये येऊन, मध्ये दहा महिने दुकानांतून नाहीसा होऊन, मे २०२३ मध्ये परतलेला होता. त्या दहा महिन्यांची पोकळी हीच खरी वेळ होती, पण मोठा खेळ पोकळीच्या मुहूर्तावर तयार होत नाही. भविष्यातील भारताची कल्पना घेऊन सजविलेला नकाशा, आपल्या मातीतील पात्रे, हे सगळे 'इंडस'पाशी आहे. त्याला जिंकावयाचा आहे तो मात्र नकाशा नव्हे. रोज रात्री दहा वाजता एकत्र जमणारी चार मुले आहेत. त्यांतील एकाला पटवून भागत नाही, चौघांना एकाच रात्री उठवून नव्या जागी बसवावे लागते.

राज्याच्या धोरणात संस्था आणि सवलती यांच्याविषयी पुष्कळ काही असेल. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी त्यात एका प्रश्नपत्रिकेची भर घालावी. विद्यार्थ्याने एकच प्रकार निवडावा. त्यातील गाजलेले दोन आणि आपटलेले दहा खेळ स्वतः खेळावेत. ते कधी आले, केवढ्याला विकले गेले, शेजारी कोण होते आणि गिऱ्हाइकांनी कशाची तक्रार केली, हे आपल्या शब्दांत लिहून काढावे. आपटलेल्या खेळांतले बरेचसे आज स्वस्तात मिळतात. 'कॉन्कॉर्ड' तेवढा मिळणार नाही.